दोन राजे आणि उरलेली प्यादी



बुद्धिबळाचा डाव पाहायला गर्दी जमते ती वजीर आणि हत्ती यांची मारामारी रंगात असेपर्यंत. देवळाची ओवरी असो की शाळेचा व्हरांडा असो, घोड्याने एकदम दोन मोहऱ्यांवर मारा केला, वजिराला वजीर गेला, की पाहणारे माना डोलावतात. मग एकेक मोहरा कामी येतो. पटावर दोन राजे आणि चार-दोन प्यादी उरतात. त्याबरोबर बघे धोतर झटकून उठतात. "आता काय राहिलंय यात?" असे म्हणून घरची वाट धरतात.

हे बघे फार लवकर उठतात, एवढेच मला आज तुम्हांला सांगायचे आहे. पटावर गर्दी असताना एखादी खेळी थोडी उणी पडली तरी पुढे सावरून घेता येते. दोन राजे आणि प्यादी उरली की सावरायला जागा नसते. प्यादे पुढे गेले ते गेले. ते मागे येत नाही. इथे बहुधा एकच खेळी बरोबर असते आणि बाकीच्या चूक असतात. जिंकता येण्यासारखा डाव जिंकणे आणि वाचवता येण्यासारखा डाव वाचवणे, समोरच्याने काहीही केले तरी, याला आपण बिनचूक खेळ म्हणू. हा बिनचूक खेळ माणसाने कसा शोधला आणि पुढे यंत्राने कसा शोधला, याची हकीकत मोठी बोधप्रद आहे.

आधी प्याद्याला मोल कसे आले ते पाहू. आपल्याकडच्या चतुरंगात प्यादे म्हणजे पायदळ. हा खेळ इराणात आणि पुढे अरबांच्या मुलखात गेला, तेव्हा शेवटच्या ओळीला पोचलेल्या प्याद्याचा वजीर होई खरा. पण त्या काळचा वजीर अगदी दुबळा. तिरपे एक घर, एवढीच त्याची चाल. तेव्हा प्यादे पार गेले तरी फारसे बिघडत नसे. शिवाय ज्याचा राजा एकटा उरला तो हरला, असाच तिकडे नियम होता. आपल्या जुन्या देशी पद्धतीत प्यादे पहिल्या चालीला एकच घर सरके, आणि ज्या मोहऱ्याच्या घरात पोचे तो मोहरा होई. ठिकठिकाणी नियमांत थोडाफार फरक असे. प्याद्याने दिलेली मात मात्र सगळीकडेच मानाची समजत.

पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात वजिराला आजची ताकद मिळाली. सरळ आणि तिरपे, हवे तितके लांब जाण्याची त्याला मुभा झाली. या एका फेरफाराने प्याद्याचे नशीब पालटले. आता पार गेलेले एक प्यादे म्हणजे पटावरचा सगळ्यांत बलाढ्य मोहरा. साहजिकच शेवटच्या डावाचा हिशेब एका प्रश्नावर येऊन ठेपला: प्यादे पार जाणार की राजा त्याला गाठणार?

हा हिशेब मनावर घेणाऱ्यांत फिलिडॉर या फ्रेंच माणसाचे नाव आधी घ्यावे लागते. धंद्याने तो संगीतकार. संगीत नाटकांना चाली देई. १७४९ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षाच्या आत, त्याने लंडनला बुद्धिबळावर पुस्तक काढले. तोवरच्या पुस्तकांत चमकदार हल्ल्यांचे कौतुक असे. फिलिडॉरने भर दिला तो प्याद्यांवर. या खेळाचा जीव प्याद्यांत आहे, असे त्याचे मत होते.

पुढे दीडशे वर्षांत अनेकांनी मिळून या शेवटच्या डावाचे नियम बांधले. त्यांतले दोन इतके सोपे आहेत, की पट नसला तर अंगणात कोळशाने आठ गुणिले आठ घरे आखून तुम्हांला ते आजच पडताळता येतील. घरे ओळखायला एक युक्ती करू. उभ्या ओळींना डावीकडून १ ते ८ आणि आडव्या ओळींना आपल्याकडून १ ते ८ आकडे द्या. आधी उभ्या ओळीचा आकडा बोलायचा, मग आडव्या ओळीचा. पांढरा खालून वर जातो, काळा वरून खाली येतो.

पहिला नियम चौकोनाचा. पांढरे प्यादे १-४ या घरात ठेवा. पांढरा राजा दूर ८-१ वर, आणि काळा राजा ६-५ वर. प्याद्याला पार जायला चार पावले हवीत. ते एकटे पोचेल का? एकेक पाऊल मोजत बसू नका. प्याद्याच्या घरापासून शेवटच्या ओळीपर्यंतची घरे मोजा. प्याद्याचे घर धरून ती पाच होतात. तेवढीच पाच घरे आडवी घेऊन चौकोन आखा. काळ्याची खेळी असून त्याचा राजा या चौकोनात पाऊल टाकू शकला, तर तो प्यादे पकडतो. पांढऱ्याची खेळी असेल, तर प्यादे एक पाऊल पुढे जाते, चौकोन आखडतो, आणि काळा राजा बाहेर राहतो. पट तोच, मोहरे तेच. खेळी कोणाची, एवढ्यावर निकाल फिरला.

दुसरा नियम आमनेसामने उभ्या राजांचा. पांढरा राजा ५-४ वर, त्याच्यामागे त्याचे प्यादे ५-३ वर, आणि काळा राजा समोर ५-६ वर ठेवा. दोन राजांच्या मध्ये एकच घर मोकळे आहे. आता ज्याची खेळी, त्याची पंचाईत! काळ्याला हलावे लागले तर पांढरा राजा बगलेने पुढे घुसतो आणि प्यादे पार नेतो. पांढऱ्याला हलावे लागले तर काळा पुन्हा समोर येऊन वाट अडवतो आणि डाव बरोबरीत सुटतो. एरवी खेळी मिळणे म्हणजे फायदा. इथे ती गळ्यातली धोंड होते. 'मी खेळत नाही, तूच खेळ' असे म्हणण्याची सोय बुद्धिबळात नाही.

तुम्ही म्हणाल, काळ्या राजाला हलायला घरच उरले नाही आणि शहही नसला तर? आजच्या नियमाने ती कोंडी म्हणजे बरोबरी. एकट्या राजाचा सगळा बचाव या कोंडीवर उभा आहे. पण हा नियमही सदासर्वकाळ असाच नव्हता. इंग्लंडात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत कोंडी करणाराच हरला असे मानीत. म्हणजे बिनचूक खेळ कोणता, हे नियम ठरल्यावाचून ठरत नाही. पंचांनी बांध आखून दिल्याशिवाय शेत कोणाचे हे सांगता येत नाही, तसेच हे.

या दोन नियमांवर उभा असलेला एक अवघड प्रश्न १९०१ साली पुढे आला. त्या वेळचा जगज्जेता इमॅन्युएल लास्कर आणि अमेरिकन खेळाडू राइशहेल्म यांची नावे त्याला जोडलेली आहेत. पांढरा राजा १-१ वर, त्याची प्यादी १-४, ४-४, ४-५ आणि ६-४ वर. काळा राजा १-७ वर, त्याची प्यादी १-५, ४-६ आणि ६-५ वर. सगळी प्यादी एकमेकांना अडून बसली आहेत. हलायचे ते राजांनीच. पांढऱ्या राजाला काळ्याच्या मुलखात शिरायला दोन वाटा आहेत, एक डाव्या अंगाने आणि एक उजव्या अंगाने. काळ्या राजाला दोन्हीकडे पहारा ठेवायचा आहे. पांढऱ्याची पहिली खेळी कोणती?

कोणीही म्हणेल, राजा पुढे काढा. पण जिंकणारी खेळी एकच आहे, आणि ती पुढे जाणारी नाही. राजा त्याच आडव्या ओळीत एक घर सरकतो, १-१ वरून २-१ वर. पांढरा राजा अमुक घरात आला, की काळ्याने तमुक घरात असलेच पाहिजे, अशी घरांची जोडी इथे ठरलेली आहे. पांढरा अशा बेताने चालतो, की काळ्याला वेळेवर आपल्या जोडीच्या घरात पोचता येत नाही. घाईने २-२ वर गेला, तर काळा १-८ वर सरकून जोडी जुळवतो आणि विजय हातचा जातो. या जोडघरांच्या विद्येवर १९३२ साली मार्सेल द्यूशां आणि हाल्बरश्टाट या दोघांनी एक सबंध पुस्तक लिहिले. हा द्यूशां म्हणजे विसाव्या शतकातला नामांकित चित्रकार. बुद्धिबळाच्या नादापायी त्याने चित्रकला जवळजवळ बाजूला ठेवली होती.

हे सगळे कागदावरचे कोडे झाले. प्रत्यक्ष लढतीत याचे मोल काय? ते १९१४ साली रशियात, सेंट पीटर्सबर्गच्या स्पर्धेत दिसले. लास्करची गाठ डॉक्टर टाराश याच्याशी पडली. टाराश हा जर्मनीतला वैद्य आणि त्या पिढीचा बुद्धिबळाचा गुरुजी. त्याची पुस्तके वाचून लोक खेळ शिकत. डाव राजे आणि प्यादी यांवर आला. लास्करचे एक प्यादे उजव्या कडेला पळत होते. टाराशची प्यादी डावीकडे दाटीने पुढे सरकण्याच्या तयारीत होती. लास्करचा राजा त्यांच्यापासून फार दूर, वरच्या कोपऱ्याजवळ. टाराशचा राजा कडेच्या प्याद्याला अडवायला गेला. आता लास्करने आपले प्यादे सोडून राजा तिरपा मागे पळवावा, असेच कोणालाही वाटेल. तसे केले असते तर तो हरला असता.

लास्करने राजा एक घर सरळ खाली, प्याद्याच्या जवळच्या ओळीतून आणला. मी माझ्या प्याद्याला साथ द्यायला येतो आहे, असा तो धाक. प्यादे पुढे सरकले तर ते पार जाणार! टाराशला ते प्यादे मारणे भाग पडले. त्यात त्याची एक खेळी खर्ची पडली आणि त्याचा राजा पटाच्या कडेला गेला. तेवढ्यात लास्करचा राजा तिरपा निघाला आणि डावीकडच्या प्याद्यांवर जाऊन पोचला. डाव बरोबरीत सुटला. बरोबरी म्हणजे अर्धा गुण. स्पर्धा संपली तेव्हा लास्करचे १३॥ गुण झाले आणि कापाब्लांकाचे १३. तो एक डाव हरला असता तर पहिल्या जागेला दोघे वाटेकरी झाले असते.

या युक्तीचे मर्म सात वर्षांनी, १९२१ साली, रिचर्ड रेटी याने चार मोहऱ्यांत पकडून दाखवले. हा पट जरूर मांडा. पांढरा राजा ८-८ वर, अगदी कोपऱ्यात. पांढरे प्यादे ३-६ वर. काळा राजा १-६ वर. काळे प्यादे ८-५ वर. खेळी पांढऱ्याची, आणि त्याला डाव वाचवायचा आहे. पाहिले तर आशा नाही. काळ्या प्याद्याला गाठायला पांढरा राजा दोन पावले मागे पडला आहे. चौकोन आखून पाहा. आणि पांढरे प्यादे पुढे सरकले तर काळा राजा दोन पावलांत त्याला गिळतो.

रेटीचा राजा तिरपा निघतो, ७-७ वर. काळे प्यादे ८-४ वर. राजा पुन्हा तिरपा, ६-६ वर. आता काळ्याने प्यादे दामटले तर पांढरा राजा आपल्या प्याद्याला वेळेवर जाऊन मिळतो. म्हणून काळा राजा २-६ वर येतो. पांढरा राजा आणखी तिरपा, ५-५ वर. या घरावरून तो दोन्हीकडे पाहतो आहे. काळ्याने पांढरे प्यादे मारले, तर राजा ६-४ वर उतरतो आणि काळ्या प्याद्याला पकडतो. काळ्याने प्यादे पुढे नेले, तर राजा ४-६ वर जाऊन आपल्या प्याद्याला साथ देतो; दोघांचेही वजीर होतात आणि बरोबरी.

यातले रहस्य काय? शेतात या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरपे गेलात तर बांधाच्या लांबीपेक्षा जास्त चालावे लागते. शाळेतल्या मुलालाही हे ठाऊक असते. बुद्धिबळाच्या राजाचे तसे नाही. वरच्या ओळीतून खालच्या ओळीत उतरायला त्याला सरळ जितकी पावले लागतात, तितकीच तिरपी लागतात. म्हणून एकाच चालीत तो दोन कामांकडे सरकू शकतो. दोन्ही कामे साधत नाहीत. पण दोन्हींचा धाक राहतो आणि समोरच्याला एक निवडावे लागते. या रेटीनेच १९२४ साली न्यूयॉर्कला कापाब्लांकाला हरवले. त्यापूर्वी आठ वर्षे कापाब्लांका एकही डाव हरला नव्हता. रेटी १९२९ साली, अवघ्या चाळिशीत, प्राग शहरी वारला. त्याचा तो चार मोहऱ्यांचा पट आजही जगभर शिकवतात.

आता यंत्रांची गोष्ट. त्सेर्मेलो नावाच्या जर्मन गणितज्ञाने १९१३ साली एक निबंध प्रसिद्ध केला. बुद्धिबळातल्या कोणत्याही मांडणीचा निकाल मुळात ठरलेला असतो, असा त्याचा आशय. एक तर पांढरा हुकमी जिंकतो, नाही तर काळा, नाही तर दोघांनाही आपला डाव वाचवता येतो. चौथा प्रकार नाही. म्हणजे बिनचूक खेळ असतो, हे सिद्ध झाले. तो शोधायचा कसा, हा प्रश्न राहिलाच.

यंत्राने तो उलटा धरला. आधी मात झालेल्या सगळ्या मांडण्या लिहून काढायच्या. मग एका खेळीत तिथे पोचवणाऱ्या मांडण्या, मग दोन खेळींत पोचवणाऱ्या, असे मागे मागे जायचे. ज्या शेवटपर्यंत यादीत येत नाहीत त्या बरोबरीच्या. राजा-प्यादे विरुद्ध एकटा राजा, या डावाचे उत्तर असे पूर्ण मिळाले. जिंकता येणारी मांडणी कितीही अवघड असो, २८ खेळींच्या आत मात होते.

मात्र प्याद्यांच्या डावात एक मेख आहे. प्यादे पार गेले की वजीर होतो, किंवा हत्ती, घोडा, उंटही. तेव्हा दोन्हीकडे एकेक प्यादे असलेल्या डावाची यादी करायची, तर आधी वजिराविरुद्ध वजीर, वजिराविरुद्ध हत्ती अशा सगळ्या डावांच्या याद्या तयार हव्यात. सगळ्यांत लहान मोहऱ्याचा हिशेब पुरा करायला सगळ्यांत मोठ्या मोहऱ्यांचा हिशेब आधी लागतो! म्हणून हे काम सावकाश झाले. २०१८ साली सात मोहऱ्यांपर्यंतच्या सगळ्या याद्या, दोन्ही राजे धरून, सर्वांना मिळतील अशा स्वरूपात पुऱ्या झाल्या. त्यांतल्या सात मोहऱ्यांच्या मांडण्या सुमारे ४२४ लाख कोटी भरतात.

लास्करच्या त्या प्रश्नात नऊ मोहरे आहेत. तो यादीबाहेर पडतो. १९७७ साली कॅनडातल्या न्यूबॉर्न या प्राध्यापकाने फक्त राजे आणि प्यादी खेळणारा कार्यक्रम संगणकासाठी रचला, त्याला हा प्रश्न पेलला नाही. तो खेळी-प्रतिखेळी मोजत राहिला आणि फाटे वाढत गेले. उपाय साधा निघाला. प्यादी अडलेली असल्यामुळे राजे फिरून फिरून त्याच त्याच घरांत येतात. एकदा पाहिलेली मांडणी लक्षात ठेव, पुन्हा मोजू नकोस, एवढे शिकवल्यावर यंत्रांनाही २-१ ही खेळी सापडू लागली.

इथे माझ्या शिक्षक बंधुभगिनींना एक गोष्ट सांगावीशी वाटते. यादीला विचारले तर ती खेळी सांगते आणि निकालही सांगते. का, ते सांगत नाही. लाखो कोटी उत्तरे तिच्यापाशी आहेत, कारण एकही नाही. चौकोनाचा नियम, आमनेसामनेचा नियम, रेटीची तिरपी वाट, ही कारणे माणसांनी शोधली. ती एका मुलाच्या डोक्यात मावतात आणि न पाहिलेल्या पटावरही उपयोगी पडतात. पाढे पाठ असावेतच. पण गुणाकार म्हणजे काय हे कळलेला मुलगा पाढा विसरला तरी अडत नाही.

म्हणून मुलांना बुद्धिबळ शिकवताना एक करून पाहा. वजीर, हत्ती, उंट, घोडे डबीत ठेवा. दोन राजे आणि दोन्हीकडची आठ-आठ प्यादी, एवढीच पटावर मांडा. हे अठरा मोहरे झाले. सात मोहऱ्यांच्या यादीपासून अजून फार दूर. मुलगा हरला, तर त्याला उत्तर सांगू नका. पट पुन्हा मांडा आणि विचारा, "कोणत्या पावलाला वाट चुकलास?" प्यादी मागे येत नाहीत, म्हणून चुकलेले पाऊल नेमके दाखवता येते. हा गुण इतर मोहऱ्यांच्या गर्दीत सापडत नाही.

आणि मंडळी, पुढच्या खेपेला ओवरीत डाव रंगला असेल, मोठे मोहरे संपले असतील आणि शेजारचा उठू लागेल, तर त्याचा हात धरून त्याला खाली बसवा. म्हणावे, थांब जरा. कोपऱ्यातला तो राजा सरळ जातो की तिरपा, तेवढे पाहून जा.